कडक मावशींनी दिलेलं ‘बरं’

आमच्या दवाखान्यात समाधान फार स्वस्त आहे. दात साफ करायला शिकवणाऱ्या कॉलेजचा हा दवाखाना. खालच्या मजल्यावर एक लांबलचक खोली, तिच्यात ओळीने मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी एक दिवा, एक थुंकी ओढणारी नळी आणि पांढऱ्या कोटातलं एक घाबरलेलं पोर. बाहेर ज्या कामाला अर्धा तास लागतो त्याला इथे अख्खी सकाळ जाते. विद्यार्थ्याने चार दात केले की मॅडमना हाक मारायची, मॅडमनी यायचं, तपासायचं, ‘इथे राहिलंय’ म्हणायचं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तोवर पेशंट आ वासून छताकडे बघत पडलेला असतो.

मी बाहेर काचेमागे बसते. तारखा देणं, नावं पुकारणं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात समाधानाचा कागद देणं ही माझी कामं. कागदावर चार चौकोन असतात: उत्तम, चांगलं, बरं, वाईट. आता तुम्हीच सांगा, जी पोर सकाळभर तुमच्या तोंडात मान घालून बसली होती ती शेजारी हात चोळत उभी असताना ‘वाईट’वर कोण खूण करेल? जबडा ठणकत असतो, ओठांचे कोपरे फाटलेले असतात, तरी माणसं ‘उत्तम’वर खूण करतात आणि गाल चोळत बाहेर पडतात. वर्षाच्या शेवटी आमचे साहेब त्या खुणांचा एक रंगीत तक्ता करून भिंतीवर लावतात. तो तक्ता बघितला की माझं डोकं फिरतं. सगळंच उत्तम असेल तर शिकवायचं काय राहिलं? टाळं लावा आणि घरी जा.

एवढ्या वर्षांत त्या कागदावर खरं उत्तर देणारी एकच बाई मी पाहिली. समोरच्या कोपऱ्यावर लाँड्री चालवणाऱ्या कडक मावशी.

हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, ह्यावर गल्लीत दोन मतं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मागे वाफेने धुरकटलेलं टेबल, त्या टेबलाशी त्यांचे यजमान. त्यांना सगळे काका म्हणतात. काका दिवसभर इस्त्री करतात आणि दिवसाकाठी मोजून दहा शब्द बोलतात. उरलेले सगळे मावशी बोलतात. दारावर पाटी आहे, ‘डाग आमच्यावर सोडा’. गिऱ्हाइकाने कपडा दिला की मावशी तो उजेडात धरतात, डागावर अंगठा फिरवतात, कधी वास घेतात आणि तीनपैकी एक उत्तर देतात. ‘निघेल’, ‘बघू’, नाहीतर ‘नाही निघणार, घेऊन जा’. तिथे विनवणी चालत नाही. एकदा आमचे साहेब शाईचा डाग पडलेला कोट घेऊन गेले. मावशींनी मान हलवली. साहेब म्हणाले, “प्रयत्न तरी करून बघा.” मावशी म्हणाल्या, “प्रयत्न करते, भोक पडेल. डाग हवा की भोक हवं?” साहेब डागासकट घरी गेले.

आमच्या विद्यार्थ्यांचे पांढरे कोट त्यांच्याकडेच धुवायला जातात. त्या कोटांवर गुलाबी ठिपके असतात. दातांवरचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही दातांना एक गुलाबी रंग लावतो. जिथे घाण तिथे तो धरून राहतो, स्वच्छ जागेवरून चूळ भरली की निघून जातो. तो रंग उडतो, कोटांवर बसतो आणि बाकीच्या धोब्यांना दाद देत नाही. मावशींनी मात्र त्याचा बंदोबस्त केला होता. कशाने, ते त्यांनी काकांनाही सांगितलेलं नाही.

तर अशा ह्या मावशी एक दिवस माझ्या काचेसमोर येऊन उभ्या राहिल्या. कपडे असे की घडीवर बोट कापावं. म्हणाल्या, “तुमच्या पोरी माझ्याकडे डाग घेऊन येतात. आज मी माझे घेऊन आलेय. कोण काढणार?”

आणि वरचा ओठ उचलून त्यांनी मला दात दाखवले. वर्षानुवर्षांच्या चहाचा तपकिरी रंग, हिरड्या मागे सरकलेल्या, आणि पुढच्या एका दाताला खालून बारीकशी खाच. गिऱ्हाइकांचे कपडे ओळखू यावेत म्हणून खुणेची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची आणि दोरा दाताने तोडायचा, हे त्या दाताचं आयुष्यभराचं काम होतं.

त्या दिवशी रिकामी होती ती एकच खुर्ची, चार नंबरची. तिच्यापाशी उभ्या असलेल्या पोरीला कॉलेजात सगळे ‘दुखतंय का’ म्हणायचे. मॅडमसुद्धा कधीकधी चुकून म्हणायच्या. पोरगी अभ्यासात हुशार, पण पेशंटच्या तोंडात हत्यार घातलं की दर मिनिटाला विचारायची, “दुखतंय का?” दुखू नये म्हणून हात इतका हलका ठेवायची की हिरडीखालचं कीटण जागच्या जागी राहायचं. शेवटच्या परीक्षेत ती ह्याच पायी एकदा नापास झाली होती. आमच्याकडे दोनदा नापास झालं की नाव काढून टाकतात. म्हणजे तिच्या हातात ही एकच संधी उरली होती, आणि संधी जितकी कमी तितका हात जास्त घाबरतो. मी नाव पुकारताना मनात म्हटलं, झालं, बकरी वाघिणीच्या दातांना हात लावायला निघाली.

तिने मावशींना खुर्चीत निजवलं आणि नियमाप्रमाणे सांगितलं, “दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.” एवढं सांगून झाल्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. दुखतंय का? आता दुखतंय का? इथे दुखतंय का? मावशींच्या तोंडात आरसा, हत्यार आणि नळी, त्या उत्तर देणार कशाने? शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने नळी बाहेर काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पोरी, हात वर करायला सांगितलंस ना? मग मी हात वर करेपर्यंत मला जिवंत समज आणि काम कर.” अख्खी खोली हसली. मला बाहेर काचेमागे ऐकू आलं.

दुपारी त्या दोघी माझ्यासमोर आल्या. मी कागद पुढे केला. मावशींनी चष्मा लावला, चारही चौकोन वाचले आणि ‘बरं’वर खूण केली.

पोरीचा चेहरा पडला. “काही चुकलं का, मावशी?”

“हात चांगला आहे तुझा. पण घाबरट आहे. मळकी कॉलर कुरवाळून निघते का? खालच्या दातांच्या मागे अजून खरखरीत लागतंय. जीभ फिरवून बघितलं मी. पुढच्या वेळी बघू.”

मॅडमनी तपासताना नेमकं तेच सांगितलं होतं, म्हणजे अन्याय काही झाला नव्हता. पण पोरीचे डोळे भरून आले आणि मलाच मावशींचा राग आला. खरं बोलणारं माणूस हवं म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरत होते आणि ते आल्यावर वाटलं, एक खूण वर केली असती तर ह्यांचं काय बिघडलं असतं? मावशींनी माझा चेहरा वाचला असणार.

“ताई,” त्या म्हणाल्या, “मार्क कमी दिले म्हणजे माणूस टाकून दिलं असं नसतं. पुढची तारीख द्या. आणि हिच्याकडेच द्या.”

पुढच्या वेळी पारडं फिरलं. त्या दिवशी घासायला शिकवायचं होतं. पोरीने मावशींच्या दातांना गुलाबी रंग लावला, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. मावशी बघतच राहिल्या. आयुष्य डाग काढण्यात गेलेलं आणि स्वतःच्याच तोंडात एवढा गुलाबी बाजार. पोरीने ब्रश दिला. “तुम्ही रोज घासता तसं घासून दाखवा.” मावशींनी पदर खोचला, ब्रश मुठीत धरला आणि अशा तुटून पडल्या की खुर्ची हलायला लागली.

“मावशी, थांबा!” पोरगी जवळजवळ ओरडलीच. “तुम्ही दात घासत नाही, धोपटताय! हिरड्या मागे गेल्यात त्या ह्याच्यामुळेच!”

मावशींना असं कुणी बोललेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बोलून गेल्यावर पोरीलाही कळलं आणि तिने स्वतःचाच हात तोंडावर ठेवला. मावशींनी ब्रश खाली केला आणि म्हणाल्या, “आता कशी बोललीस. दाखव, कसं घासायचं ते.”

पोरीने दाखवलं. दात आणि हिरडी भेटतात तिथे ब्रश तिरका टेकवायचा, जोर न लावता लहान लहान गोल फिरवायचे, दोन दातांच्या मधे दोरा घालून वरखाली करायचा. “आणि दोरा दातांनी तोडायचा नाही. दुकानात कात्री नाही का?” दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या काउंटरला सुतळीने बांधलेली कात्री लटकत होती. “वीस वर्षं हेच सांगत होतो,” काका म्हणाले, आणि त्यांचे त्या दिवसाचे अर्धे शब्द तिथेच संपले.

मावशी कुठलीही गोष्ट घेतली की अर्धवट घेत नाहीत. पंधरा-वीस दिवसांत त्यांचं तोंड असं झालं की मॅडम बाकीच्या विद्यार्थ्यांना बोलावून दाखवायला लागल्या. हिरड्या घट्ट आणि फिक्या गुलाबी, रंग लावला तर दोन-चार ठिपके, बाकी लख्ख. दुकानात तर कहर झाला. कपडे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्या म्हणायच्या, “कपडे मिळतील. आधी दात दाखवा.” आमच्याकडे त्यांच्या शिफारशीने येणाऱ्यांची मला वेगळी वेळ ठेवावी लागली. कागदावर मात्र दुसऱ्या खेपेलाही ‘बरं’च होतं. तिसऱ्या खेपेला ‘चांगलं’ मिळालं, तेव्हा पोरीने तो कागद अख्ख्या खोलीत फिरवला. आणि कधीतरी आमच्या लक्षात आलं की तिला ‘दुखतंय का’ म्हणायचं सगळ्यांच्या तोंडून सुटत चाललंय. ती विचारतच नव्हती तेवढं.

मग परीक्षा आली. आमची परीक्षा दोन भागांत होते, ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. पहिल्या भागात नवीन पेशंट आणायचा, ज्याच्या तोंडात भरपूर कीटण आहे असा, आणि ते काढून दाखवायचं. दुसऱ्या भागात जुना पेशंट आणायचा आणि परीक्षकांना दाखवायचं की ह्या माणसाला आपण काय शिकवलं, त्याच्या हिरड्या किती सुधारल्या, घरी तो नीट घासतो की नाही.

पहिल्या भागाच्या आधी आमच्या मुलींना जे काही होतं ते बघवत नाही. रस्त्यात कुणी हसलं की ह्या त्याच्या तोंडात बघतात. चहाच्या टपरीवर उभ्या राहून गिऱ्हाइकं हेरतात. एखाद्याचे दात काळेकुट्ट दिसले की लॉटरी लागल्यासारख्या मागे धावतात. त्या दिवसांत कोट घ्यायला लाँड्रीत गेल्या तरी हेच बोलणं. “जेवढं कीटण जास्त तेवढं बरं.” “स्वच्छ तोंडाचा पेशंट नेला तर परीक्षकांना दाखवणार काय, कपाळ?” काउंटरच्या मागे मावशी चिठ्ठ्या बांधत होत्या आणि एकेक शब्द ऐकत होत्या.

आमच्या पोरीने पहिला भाग चांगला केला. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं तोंड तिने असं साफ केलं की त्याला आपलंच तोंड ओळखू येईना. दुसऱ्या भागासाठी तिने मावशींना कधीच सांगून ठेवलं होतं, “तुम्हीच माझ्या परीक्षेच्या पेशंट.” एवढंच सांगितलं होतं.

दुसऱ्या भागाच्या सकाळी मावशी वेळेच्या आधी हजर. कपडे नेहमीपेक्षा कडक. काचेला नाक लावून हळूच म्हणाल्या, “ताई, पोरीसाठी भरपूर काम आणलंय.”

आणि हसल्या.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. दातांवर पिवळट थर, कडांना कोऱ्या चहाचा तपकिरी रंग, हिरड्या सुजून लालबुंद. दोन आठवडे त्यांनी दातांना ब्रश लावला नव्हता. दोरा नाही, चूळसुद्धा नाही. दिवसातून हवा तेवढा चहा आणि वर चिकट गोळ्या. काका तोंडाच्या वासाने बाहेरच्या खोलीत झोपायला गेले होते. का गेले हे त्यांनी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही.

“अहो मावशी, हे काय केलंत?”

“काय म्हणजे? धुतलेला शर्ट लाँड्रीत दिला तर धुणाराचा हात कसा दिसणार? माझं तोंड स्वच्छ घेऊन गेली असती तर पोरगी दाखवणार काय होती?”

मी आत जाऊन पोरीला बोलावून आणलं. तिने बघितलं आणि ती भिंतीला टेकली. तिच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने मावशींना समजावून सांगितलं, की मळक्या तोंडाची परीक्षा गेल्याच आठवड्यात झाली, आज स्वच्छ तोंड दाखवायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मावशींना कितीतरी वर्षं बघत होते, पण खळ निघून गेलेल्या कापडासारखा त्यांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“ब्रश दे,” त्या म्हणाल्या. “मोरी कुठे आहे? आत्ता घासते.”

मैत्रीण म्हणाली, “अजून अर्धा तास आहे. चल, दोघी मिळून उरकून टाकू. कुणाला कळतंय?”

पोरगी भिंतीपासून सुटी झाली. तिने मावशींची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, मावशी शर्ट वळवतात तसंच. “थर निघेल. सूज नाही बसणार. आणि बसत असती तरी नको. जे आहे ते दाखवू.”

“नापास होशील गं!” मावशींचा आवाज फुटला. “माझ्यापायी नाव काढतील तुझं!”

“तुम्ही मला एकदा तरी खोटे मार्क दिलेत का, मावशी? मग मी तुमच्या तोंडाबद्दल खोटं कसं सांगू? चला आत.”

परीक्षेच्या दिवशी कागदपत्रं आणि पाणी द्यायला मला आत थांबावं लागतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. बाहेरून आलेले परीक्षक सर म्हणजे जाड मिशा आणि कपाळाला कायमची आठी. ते चार नंबरच्या खुर्चीपाशी आले, रंग लावायला सांगितला, मावशींनी चूळ भरली, आणि तोंड उघडल्यावर आत नुसता गुलाबी बाजार. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

“हे सुधारलेलं तोंड?” सरांनी विचारलं.

पोरीने सगळं सांगितलं. आधी काय होतं, मग काय झालं, आणि दोन आठवड्यांत मावशींनी काय केलं आणि का.

“पेशंटवर ढकलणं सोपं असतं,” सर म्हणाले.

“ढकलत नाही, सर. मी घासायला शिकवलं, पण आज काय बघणार आहेत ते ह्यांना सांगितलं नाही. ते माझं चुकलं.”

सर मावशींकडे वळले. “बाई, खरं सांगा. हिने तुम्हाला काही शिकवलं होतं?”

मावशी खुर्चीत ताठ बसल्या. “शिकवलं होतं का? आरसा द्या.” त्यांनी ट्रेमधला ब्रश उचलला आणि दुकानात गिऱ्हाइकाला समजावावं तशा सुरू झाल्या. “हे बघा. इथे दात आणि हिरडी भेटतात. इथे तिरका धरायचा. जोर लावायचा नाही, जोर कॉलरीला. असे बारीक गोल. मग दोरा, असा आत, ह्या दाताला मिठी मारून वर, मग त्या दाताला. आणि हे रक्त दिसतंय ना? हे माझ्या अकलेचं आहे. तिचा काही संबंध नाही.”

सरांची मिशी हलली. “एवढं सगळं येतं, तर न घासता दोन आठवडे राहवलं कसं?”

“राहवलं कुठे?” मावशी म्हणाल्या. “आयुष्यभर कसंही धोपटत होते तेव्हा काही वाटायचं नाही. आता जीभ फिरवली की मळका शर्ट घालून फिरतेय असं वाटायचं. पहिल्या रात्री झोप नाही. नंतर एकदा तर ब्रशला पेस्ट लावली होती, तशीच धुऊन टाकली. म्हटलं, नको, पोरीची परीक्षा आहे.” एवढं बोलून त्या डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या. मी रुमाल दिला. मलाही एक लागला असता.

सरांनी पोरीला विचारलं, “आता काय करणार?”

“साफ करणार, सर. आत्ता.”

“करा.”

तिने मावशींना निजवलं, दिवा ओढला आणि म्हणाली, “मावशी, हिरड्या सुजल्यात. आज दुखेल. सोसलं नाही तर डावा हात वर करा.” आणि कामाला लागली. एकदाही विचारलं नाही. हात हलकाच होता, पण कुठे जायचं ते त्याला माहीत होतं. मधेच ती स्वतःहून थांबली.

“हात वर का नाही केलात?”

“नाही दुखलं.”

“खोटं बोलू नका. पायाचा अंगठा दुमडला तुमचा.”

सर मागे उभे राहून बघत होते. काम झाल्यावर त्यांनी आपलं हत्यार घेतलं आणि सगळ्यात आधी खालच्या दातांच्या मागे फिरवलं. मग सगळीकडे फिरवलं. एकदा मान हलवली आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

दुपारपर्यंत मावशी दुकानात गेल्या नाहीत. माझ्या काचेसमोरच्या बाकावर बसून राहिल्या, शेजारी पोरगी. शेवटी मॅडम बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं, पण ते त्यांना कधीच जमत नाही. “काठावर,” त्या म्हणाल्या, “पण पास. सर म्हणाले, दात न घासता झोप लागत नाही इतकं शिकवलेलं मी आजवर बघितलं नाही. आणि पेशंटला परीक्षा समजावून सांगितली नाही, ह्याचे मार्क कापलेत.”

मावशींनी देवाचं नाव घेतलं, मग माझ्याकडे हात पुढे केला. “ताई, तो कागद द्या.” पेन सरळ ‘उत्तम’कडे निघालं होतं. पण पोरीने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

“आज तुम्ही नाही. आज मी.” कागद माझ्या काउंटरवर ठेवून तिने खूण केली आणि मावशींच्या पुढे धरला. ‘बरं’.

“बरं?” मावशी उखडल्या. “मला? आयुष्यात मला कुणी बरं दिलेलं नाही!”

“हात चांगला आहे तुमचा, मावशी. पण आगाऊ आहे. पुढच्या वेळी बघू.”

मावशी अशा हसल्या की गल्लीतून जाणारे दोघंजण आत डोकावले. स्वच्छ, लख्ख, दाताच्या खाचेसकट. मग त्यांनी त्या कागदाची घडी घातली, बोटाने कड मोडली आणि मला म्हणाल्या, “द्या तर मग पुढची तारीख. हिच्याकडेच.”

मी वही उघडली आणि माझ्या लक्षात आलं. “मावशी, ती पास झाली. पुढच्या वेळी ती इथे नसेल.”

पोरीच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण तिचं हसू थांबलं. मावशी तिच्याकडे वळल्या. “नसेना का. जिथे बसशील तिथे येईन. पत्ता पाठव. कोट मात्र माझ्याकडेच धुवायला टाकायचा, दुसऱ्याकडे टाकलास तर बघ.”

पोरीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मावशींनी तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. “रडतेस काय? दुखतंय का?”

पोरीने आधी मान हलवून नाही म्हटलं. आणि मग डावा हात वर केला.